टेस्लाची ‘लोपलेली विद्या’

तिरोड्याच्या औष्णिक केंद्रातून निघून शेतांवरून गेलेले विजेचे उंच मनोरे आपणां गोंदियाकरांच्या इतके अंगवळणी पडले आहेत, की त्यांच्याकडे आपले लक्षही जात नाही. या केंद्राच्या पाच संचांची क्षमता ३३०० मेगावॉट. येथील वीज ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांनी कोराडी-अकोल्यावरून छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाते. हा खटाटोप पाहून एखादा तरुण हमखास विचारतो, “तारांवाचून वीज नेण्याची विद्या टेस्लाला साधली होती, ती दडपली गेली, हे खरे काय?” प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर इतिहासाकडेच मागितले पाहिजे.

निकोला टेस्ला १८५६ साली आजच्या क्रोएशियात जन्मला व १८८४ मध्ये अमेरिकेत गेला. आपण ज्याला ए. सी. म्हणतो, त्या प्रवाहावर चालणाऱ्या मोटरीची पेटंटे त्याला १८८८ मध्ये मिळाली. १८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरी पोचली, ती याच पद्धतीने.

पुढे त्याला तारही नकोशी झाली. १८९९ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्ज येथे त्याने कृत्रिम विजा पाडल्या. पृथ्वीलाच वाहक करून जगाला वीज पुरवावी, हा त्याचा ध्यास. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफ येथे मनोऱ्याचे काम सुरू झाले. मॉर्गन या सावकाराने दीड लाख डॉलर दिले. परंतु त्याच डिसेंबरात मार्कोनीने कितीतरी लहान सामग्रीने अटलांटिकपार संदेश पोचवला. मॉर्गनने पुढे हात आखडता घेतला आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला.

७ जानेवारी १९४३ रोजी टेस्ला निवर्तला. सरकारने त्याची कागदपत्रे ताब्यात घेतली, आणि दंतकथेला येथूनच खतपाणी मिळाले. वस्तुतः ती तपासणाऱ्या प्राध्यापक ट्रंप यांना त्यांत घातक असे काही आढळले नाही. पुढे ती बेलग्रेडच्या संग्रहालयात गेली; कोलोराडोची टिपणे तर १९७८ मध्ये छापूनही निघाली.

मग अडले कोठे? पैशाइतकेच निसर्गनियमापाशी. दिव्याचा उजेड दूर जावा तसा फाकतो, तशीच मोकळी सोडलेली विद्युत्‌शक्तीही फाकते. संदेशाला कणभर शक्ती पुरते. गिरणी चालवायला मणभर लागते. म्हणूनच बिनतारी भारण आज मोबाइलला टेकून चालते, कोसावरून चालत नाही.

विद्या लोपली, असे म्हणण्यात एक सुख असते : शोधण्याचे कष्ट वाचतात. आमच्या मते टेस्लाचा खरा अपमान होतो तो येथे. त्याची जी विद्या इतरांच्या हाती गेली, पारखली गेली, ती लोपलेली नाही. तिरोड्याच्या वाटेवर मान वर करून मनोऱ्यावरील तारांचे जुडगे मोजावेत. ते तिनाच्या हिशोबात भरतील, कारण टेस्लाची पद्धतच आज त्रिकला प्रवाह म्हणून तेथे वाहते आहे.