नांगराला घराण्याचे नाव, धानाला घड्याळाचे

सावली तालुक्यात आपण धान पिकवतो आणि धानच खातो. एचएमटी तांदूळ कोणाला ठाऊक नाही? पण हा वाण कोणी शोधला, असे अभ्यासवर्गात विचारले की पोरं गप्प होतात. नांगर म्हटले की किर्लोस्करांचे नाव मात्र लगेच येते. असे का, याचा विचार आपण केला पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. तिच्याशी ते झगडले. त्यांचे कष्ट आम्ही नाकारत नाही. पण त्यांच्यापाशी मुंबईचे शिक्षण होते. औंधच्या संस्थानिकांनी कर्ज आणि जागा दिली, म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कल्पनेला भांडवल मिळाले आणि नाव घराण्यात राहिले.

आता आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील माणूस बघा. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. दलित कास्तकार, शिक्षण तिसरीपर्यंत, शेती जेमतेम दीड एकर. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या. दरवर्षी निवड करीत बारीक दाण्याचा, चवदार वाण तयार केला. त्या काळी लोकांच्या मनगटावर जे घड्याळ असे, त्याच्यावरून धानाला ‘एचएमटी’ नाव पडले. बियाणे हातोहात पसरले, राज्याबाहेरही गेले.

१९९४ साली कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून ५ किलो बियाणे नेले. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण जाहीर झाला. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही त्याचे शुद्धीकरण केले. शुद्धीकरण हेही शास्त्राचे काम आहे, हे आम्हाला मान्य. पण मग बांधीत उभे राहून वर्षानुवर्षे केलेली निवड हे शास्त्र नव्हे काय? वाणाच्या नावात विद्यापीठाची आद्याक्षरे बसली, दादाजींची का नाही?

बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले की जात कामाचीच नव्हे, काम करणाऱ्यांचीही वाटणी करते. या वाटणीत डोके एकाचे आणि हात दुसऱ्याचे ठरतात. हातवाल्याने डोके चालवले तरी लोक त्याला ‘नशीब’ म्हणतात, संशोधन म्हणत नाहीत.

दादाजी थांबले नाहीत. नांदेड हिरा, डीआरके असे आणखी वाण त्यांनी दिले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्ज’ने दखल घेतली. तरीही गरिबी सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. लाखो घरांत त्यांचा भात शिजत होता आणि उपचारासाठी त्यांच्या घरी पैसा नव्हता.

मित्रांनो, नुसती हळहळ पुरे. २००१ च्या कायद्याने कास्तकाराला आपल्या वाणाची स्वतःच्या नावाने नोंदणी करता येते. आपल्या गावात कोणाची आजी, कोणाचा बाप वेगळे बियाणे राखून आहे, ते विचारा. नाव, साल, बांधी वहीत लिहा, अर्ज भरून द्या. शिकलेल्या पोरांनी एवढे केले, तर पुढच्या दादाजीचे नाव पुसणे सोपे जाणार नाही.

जय भीम!