भीमा खोऱ्यातील खुद्री व मुसुल्ला : दोन मत्स्यजातींचा नामेतिहास

मंगळवेढ्याचा इतिहास कलचुरी बिज्जलाची राजवट, दामाजीपंतांची कोठारे आणि चोखोबांचा अंत या अंगांनी पुष्कळ लिहिला गेला आहे. तालुक्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या भीमेच्या पाण्याचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. त्याचे एक महत्त्वाचे साधन प्राणिशास्त्रात सापडते.

१८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनचा सांख्यिकी वृत्तांत तयार करण्याचे काम दिले. त्या भ्रमंतीत त्याने गोळा केलेली माशांची वर्णने १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केली. सायक्सने अनेक जातींना स्थानिक नावेच दिली. विद्वत्तेच्या लॅटिनमध्ये मराठी कोळ्यांची बोली अशी कायमची जाऊन बसली. त्यांपैकी ‘खुद्री’ पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर मुळा-मुठेत, तर ‘मुसुल्ला’ शिरूरजवळ घोड नदीत आढळल्याची नोंद आहे. दोन्ही नद्या भीमेस मिळतात व तेच पाणी पंढरपूर ओलांडून मंगळवेढ्याकडे येते.

दोन्ही मासे मोठे, वाहत्या व स्वच्छ पाण्याचे. सायक्सने दोहोंस एकाच ‘बार्बस’ प्रजातीत घातले. त्याचे मूळ नमुने उपलब्ध नसल्याने पुढील अभ्यासकांना वर्णनांवर व चित्रांवरच विसंबावे लागले. १९४० च्या दशकात सुंदरलाल होरा यांनी मुसुल्लासही महाशीर मानले. पुढे कावेरीतील पाठीवर उंचवटा असलेल्या महाशीरास हेच नाव चिकटले. अलीकडील वर्गीकरणानुसार खुद्री ‘टॉर’ या खऱ्या महाशीर प्रजातीत, तर मुसुल्ला ‘हिप्सेलोबार्बस’मध्ये मोडतो. खालच्या ओठाची अखंड मांसल घडी हे महाशीराचे ठळक लक्षण होय. कावेरीतील त्या माशाची ‘टॉर रेमादेवी’ ही ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली.

हा घोळ केवळ नावापुरता नव्हता. ज्याचे नावच दुसऱ्याचे, त्याच्या संरक्षणाचा विचार होणार कसा? १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या टाटा केंद्रात खुद्रीची कृत्रिम पैदास होऊ लागली. सी. व्ही. कुलकर्णी यांचे हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु तेथील बीज कावेरीतही सोडले गेले आणि तेथील मूळ महाशीराशी स्पर्धा उभी राहिली.

मूळ खोऱ्यात मात्र १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण होऊन भीमेचा प्रवाह अडला. सायक्सला खुद्री जेथे मिळाली, त्या मुळा-मुठेत आज पुणे शहराचे सांडपाणी वाहते.