हजार तबकड्यांची मागणी

जपानात विजेचा पहिला पंखा तयार झाला तो १८९४ साली, टोकियोच्या शिबाउरा कारखान्यात. त्याच्या माथ्यावर विजेचा दिवा बसविलेला होता; वारा आणि उजेड अशी दोन्ही नवलाई एकाच यंत्रात. पण ही चैन परवडणारी घरे थोडी, आणि पुढे कित्येक वर्षे परदेशी पंख्यांचाच बोलबाला राहिला. पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. युरोपातील कारखाने दारूगोळ्याच्या कामी जुंपले गेले, आशियात येणारा त्यांचा माल आटला आणि जपानी कारखानदारांना रान मोकळे झाले. या काळात पंखे करणाऱ्यांमध्ये ओसाकाच्या कावाकिता कंपनीचे नाव ठळक होते. १९०९ साली मूळ धरलेल्या या व्यवसायाचे पुढे रूढ झालेले नाव ‘कावाकिता देन्की किग्योशा’. त्याच्या आद्याक्षरांवरून ‘के. डी. के.’ ही त्याची निशाणी.

या कंपनीपुढे एक अडचण होती, आणि ती दिसायला अगदी क्षुल्लक. पंख्यातील विद्युत्‌ भाग धातूच्या सांगाड्यापासून अलग ठेवणारी तबकडी चिनी मातीची असे. ती हाताळताना फुटे. न फुटणाऱ्या, मसाल्याच्या तबकड्या कोणी करून देईल काय, याची चौकशी सुरू झाली. आणि १९१७ च्या डिसेंबरात एक हजार नगांची मागणी जाऊन पोहोचली ती ओसाकाच्याच एका लहानशा भाड्याच्या घरात.

त्या घरात कोनोसुके मात्सुशिता नावाचा तेवीस वर्षांचा तरुण राहत होता. वडिलांनी तांदळाच्या सट्ट्यात घर बुडविले, म्हणून तो नवव्या वर्षीच ओसाकात उमेदवारीला आला. आधी शेगड्यांचे दुकान, मग सायकलींचे, आणि अखेर वीज कंपनीची चांगली नोकरी. ती नोकरी त्याने त्याच वर्षी जूनमध्ये सोडली. कारण एकच, त्याने सुधारून तयार केलेला दिव्याचा सॉकेट वरिष्ठांच्या पसंतीस उतरला नाही. पसंतीस तो बाजाराच्याही उतरला नाही. दहा दिवस दुकाने पालथी घालून जेमतेम शंभर नग खपले आणि हाती दहा येनही आले नाहीत. बरोबर आलेले दोघे सोबती पोटासाठी निघून गेले. उरले तो स्वतः, पत्नी मुमेनो आणि तिचा पोरवयाचा धाकटा भाऊ तोशिओ इउए. मुमेनोची किमोनो आणि अंगठ्या या काळात दहाहून अधिक वेळा सावकाराकडे गहाण पडल्या.

पुढे मात्सुशितांचे नाव जगभर झाल्यावर ही कथा चिकाटीचा धडा म्हणून सांगितली जाऊ लागली. तसे सांगताना एक गोष्ट मात्र निसटते. सॉकेट कोणी घेत नव्हते हे खरे. परंतु तो करण्याच्या खटपटीतच या माणसाला डांबर, ॲस्बेस्टॉस आणि दगडाची भुकटी शिजवून त्यांचा विद्युत्‌रोधक मसाला मळता येऊ लागला होता. कावाकिताला हवा होता तो हा मसाला, सॉकेट नव्हे. फसलेल्या धंद्यातील विद्या दुसऱ्याच्या पंख्याला उपयोगी पडली. (त्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीत केवढा धोका आहे, याची कल्पना त्या तिघांना असणे शक्य नव्हते.)

साचा तयार झाला. कोनोसुके मसाला साच्यात दाबी, तोशिओ तबकड्या घासून त्यांना चकाकी आणी. वर्ष संपण्यापूर्वी हजार नग पोचते झाले. एकशेसाठ येन आले. त्यांतील सुमारे ऐंशी नफ्याचे. त्या घराला मिळालेला हा पहिला खरा नफा. माल पसंत पडून पाठोपाठ दोन हजारांची मागणी आली. पंख्याचा धंदा उन्हाळ्याचा खरा, पण त्याची तयारी हिवाळ्यात करावी लागते; हे वेळापत्रक या कुटुंबाच्या पथ्यावर पडले. ७ मार्च १९१८ रोजी ओहिराकी भागातील दुमजली घरात मात्सुशितांनी आपला कारखाना रीतसर स्थापन केला. तेथेही तबकड्या होतच राहिल्या, आणि त्यांच्या आधारावर नवे प्लग व सॉकेट बाजारात गेले. या खेपेस ते खपले.

तबकड्या घासणाऱ्या तोशिओने १९४७ मध्ये वेगळे होऊन ‘सान्यो’ कंपनी काढली. ती २००९ साली मेहुण्याच्याच कंपनीच्या ताब्यात आली. पण त्याहून विलक्षण गोष्ट पंख्यांची. कावाकिताच्या परंपरेतील पंख्यांचा व्यवसायही १९५० नंतरच्या दशकात मात्सुशिता समूहात सामील झाला. ज्या कंपनीने एके काळी हजार तबकड्या मागवल्या, तिचा वारसा अशा रीतीने तबकडीवाल्याच्या घरी आला. २००८ मध्ये मात्सुशिता समूहाने ‘पॅनासॉनिक’ हे नाव धारण केले, तेव्हा पंख्यांच्या कंपनीचेही नाव बदलले. आइची प्रांतातील कासुगाई हे तिचे ठिकाण.

‘के. डी. के.’ ही तीन अक्षरे मात्र कोणी पुसली नाहीत. सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग येथील घरांच्या छतांना टांगलेल्या पंख्यांवर ती आजही आढळतात.