कसर, कोठार आणि संत बेनेडिक्टची कपड्यांची कोठी



डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू पृथ्वीवरच्या संपत्तीबद्दल बोलतो, तेव्हा तिच्या शत्रूंमध्ये कसर, जंग आणि चोर यांची नावे घेतो (मत्तय ६). जंग आणि चोर लगेच समजतात. पण कसर ना सोन्याला लागते, ना चांदीला. मग तिचे नाव सर्वांत आधी का?

याचे उत्तर इतिहासात आहे. त्या काळी कापड हीच संपत्ती होती. लोकर कातरायची, सूत काढायचे, मागावर विणायचे, रंगवायचे. एक चांगला झगा म्हणजे कितीतरी दिवसांची मेहनत. म्हणून लोक कपडे पेटीत घालून ठेवत, जशी आज बँकेत ठेव ठेवतात. जुना करार उघडून पाहा. यरीहोच्या लुटीतून आखानाने लपवले काय? चांदी, सोन्याची वीट आणि बाबेलचा एक सुंदर झगा (यहोशवा ७). नामान कुष्ठरोगी बरा व्हायला निघाला तेव्हा सोन्याचांदीबरोबर दहा पोशाख घेऊन निघाला, आणि पुढे अलीशाच्या चाकराचा, गेहजीचा, जीव त्यातल्याच दोन पोशाखांत अडकला (२ राजे ५). उलट गरिबाकडे पांघरायला एकच वस्त्र असे. ते गहाण घेतले तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करा, असे नियमशास्त्राला सांगावे लागले (निर्गम २२). बाप्तिस्मा करणारा योहान दोन अंगरखे असणाऱ्याला एक देऊन टाकायला सांगतो (लूक ३), तेव्हा तो किरकोळ दान मागत नव्हता. तो माणसाची अर्धी ठेव मागत होता.

आज कापड स्वस्त झाले. पेटी मात्र तशीच भरलेली आहे. आमच्या बेळगावात पावसाळा उलटला की कपाट उघडताच कुबट वास येतो. वर्षभर हात न लागलेल्या साड्या, लग्नात आहेर म्हणून आलेले शर्टपीस, माळ्यावर प्लास्टिकमध्ये बांधलेली गाठोडी. घर आवरायला हवे हे सगळ्यांना कळते. आवरताना वस्तूने आनंद मिळतो का असे स्वतःला विचारायला शिकवणारी पुस्तकेही हल्ली खूप खपतात. प्राचीन ख्रिस्तसभेने मात्र वेगळाच प्रश्न विचारला होता, आणि तो मला जास्त अवघड वाटतो.

तो विचारला संत बासिल यांनी. आज तुर्कस्तानात असलेल्या कप्पदुकिया प्रांतातल्या कैसरिया शहरात इ. स. ३६८-६९ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. बासिल अजून बिशप झाले नव्हते, धर्मगुरू होते. श्रीमंतांची कोठारे भरलेली होती आणि भाव वाढण्याची वाट पाहत ती बंद होती. बासिल यांनी लूकच्या बाराव्या अध्यायातल्या मूर्ख श्रीमंताच्या दाखल्यावर प्रवचन केले. कोठारे मोडून मोठी बांधायची आहेत ना, मग बांधलेली कोठारे आहेतच, ती म्हणजे गरिबांची पोटे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. मग ते घरात शिरतात. पेटीत पडलेला अंगरखा, कोपऱ्यात कुजणारी चपला-जोड्यांची रास, पुरलेली चांदी, एकेक वस्तू दाखवून ते विचारतात की ही कोणाची? उघड्या माणसाचा अंगरखा तुझ्या पेटीत काय करतो आहे? कपडे हिसकावणाऱ्याला आपण चोर म्हणतो. मग देता येत असून जो देत नाही, त्याला दुसरे कोणते नाव द्यायचे?

हे नुसते बोलणे नव्हते. त्यांनी कोठारे उघडायला लावली आणि उपाशी लोकांना कडधान्याचे कढण स्वतः वाढले, असे त्यांचे मित्र संत ग्रेगरी नाझियान्झस यांनी लिहून ठेवले आहे. बासिल यांच्या लेखी जास्तीची वस्तू 'जास्तीची' नसते. ती दुसऱ्या कोणाची तरी असते आणि आपल्याकडे अडकून पडलेली असते.

पण अशी प्रवचने ऐकून आपण घरी येतो, एका रविवारी सगळे कपाट जमिनीवर ओततो, संध्याकाळपर्यंत थकतो आणि निम्मे पुन्हा आत कोंबतो. एका झटक्यात सगळे सोडणारे संत आपल्याला फार आवडतात. त्यांचेच पुतळे आणि चित्रे जास्त. पण नीट पाहिले तर त्यांच्यापैकी सर्वांत मोठ्या संताचेही सगळे एका दिवसात सुटले नव्हते.

मी म्हणतो ते इजिप्तचे संत अंतोनी. हरवलेली किल्ली सापडावी म्हणून आपण ज्यांना साकडे घालतो ते पादुआचे संत अंतोनी वेगळे, सुमारे नऊशे वर्षांनंतरचे. (आणि पसारा कमी असता तर त्यांना इतका त्रास द्यावा लागला नसता, हेही खरे.) इजिप्तचे अंतोनी विशी-बाविशीच्या आतले असताना आई-वडील वारले. मागे धाकटी बहीण आणि ३०० आरूरा, म्हणजे सुमारे २०० एकर, सुपीक जमीन. चर्चमध्ये त्यांनी श्रीमंत तरुणाचा वृत्तान्त ऐकला, बाहेर येऊन जमीन गावकऱ्यांना दिली, घरातले सामान विकून पैसे गरिबांना वाटले. बहिणीसाठी मात्र थोडे ठेवले. पुढे पुन्हा एकदा चर्चमध्ये उद्याची चिंता न करण्याबद्दलचे वचन कानी पडले, तेव्हा तेही दिले आणि बहिणीला विश्वासू कुमारिकांच्या हाती सोपवले. म्हणजे दोन खेपा. ३५६ साली ते १०५ वर्षांचे होऊन वारले, तेव्हा वाटण्याजोगे उरले होते ते असे: दोन मेंढीची कातडी, एक केसाळ वस्त्र आणि अंथरायचा एक झगा. हा झगा संत अथनासियस यांनीच त्यांना नवा असताना दिला होता. वापरून जुना झालेला तो झगा आता त्यांनाच परत गेला. ही हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली तीही अथनासियस यांनीच अंतोनींचे चरित्र लिहिले म्हणून.

अंतोनी वाळवंटात एकटे राहिले. घरात दहा-वीस माणसे असतील तर काय करायचे, हा प्रश्न दोनशे वर्षांनी इटलीत संत बेनेडिक्ट (सुमारे ४८० ते ५४७) यांच्यापुढे आला. माँते कासिनोच्या मठासाठी त्यांनी ७३ प्रकरणांचा नियम लिहिला. त्यातले पंचावन्नावे प्रकरण कपडे-पादत्राणांचे आहे. धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत ते क्वचितच येते, पण मला तो नियमाचा फार सुंदर भाग वाटतो.

हवामान पाहून कपडे द्यावेत, असे ते सुरुवातीलाच म्हणतात. थंड प्रदेशात जास्त, उष्ण प्रदेशात कमी. मध्यम हवेत प्रत्येकाला दोन झगे आणि दोन टोपीचे अंगरखे पुरे, कारण रात्री घालायला एक लागतो आणि धुवायलाही एक हवा. हिवाळ्यासाठी अंगरखा जाड लोकरीचा, उन्हाळ्यासाठी पातळ किंवा झिजलेला. रंग आणि पोताबद्दल कुरकूर करायची नाही, त्या भागात जे स्वस्तात मिळते ते घ्यायचे. पण मठाधिपतीने मापाकडे लक्ष द्यावे, कपडे आखूड होऊ नयेत! प्रवासाला निघणाऱ्याने कोठीतून चड्डी घेऊन जावी आणि परतल्यावर धुऊन जमा करावी. त्याचा झगाही नेहमीपेक्षा थोडा बरा असावा.

आणि मधोमध एक छोटी तरतूद. ज्याला नवे मिळेल त्याने जुने त्याच वेळी परत करायचे. ते गरिबांसाठी कोठीत ठेवले जाईल.

सगळा मठ या एका वाक्यावर उभा आहे असे मला वाटते. 'कधीतरी आवरू' याला इथे जागाच नाही. नवे आत येण्याचा क्षण आणि जुने बाहेर जाण्याचा क्षण एकच. शिवाय जुने जाते ते कचऱ्यात नव्हे, कोणाच्या तरी अंगावर. म्हणजे ते अंगावर घालण्याजोगे असतानाच द्यावे लागते. आपल्याकडे बोहारीण दारात येते, तिलाही जुने लुगडे देऊन आपण पातेले घेतो. एक वस्तू गेली, दुसरी आली. घर भरलेले ते भरलेलेच. बेनेडिक्टच्या कोठीत अशी अदलाबदल नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी ओळखली होती. माणूस लोभापेक्षा भीतीपोटी जास्त साठवतो: उद्या लागले तर? म्हणून मठाधिपतीने प्रत्येकाला लागेल ते सगळे द्यावे असे ते सांगतात आणि यादीच देतात: अंगरखा, झगा, मोजे, जोडे, पट्टा, सुरी, लेखणी, सुई, रुमाल, लिहायच्या पाट्या. अंथरुणात चटई, पांघरूण, घोंगडी, उशी. एवढे दिल्यावर 'माझ्याकडे नाही' ही सबब उरत नाही. मग मात्र मठाधिपतीने अंथरुणे वारंवार तपासावीत, कोणी गादीखाली काही दडवले आहे का ते पाहावे. संत झाले तरी माणसे उशीखाली काय काय ठेवतात हे बेनेडिक्टना चांगले ठाऊक होते.

इतका काटेकोर नियम असूनही घरे पुन्हा भरली, हा पुढचा इतिहास. फ्रान्समध्ये ९१० साली स्थापन झालेला क्लुनीचा मठ हाच नियम पाळत होता. एकेका साधूजवळ काही नव्हते, पण मठाकडे दानांचा पूर आला. १०८८ साली बांधायला घेतलेले त्यांचे तिसरे चर्च रोममधले आजचे संत पेत्राचे महामंदिर होईपर्यंत ख्रिस्ती जगात सर्वांत मोठे होते. त्याला कंटाळून १०९८ मध्ये काही साधू सितो येथे गेले: न रंगवलेली लोकर, लाकडी क्रूस, सोन्याचा प्याला नाही. त्यांच्यातल्याच संत बर्नार्डनी ११२५ च्या सुमारास क्लुनीच्या झगमगाटावर कडक टीका केली. चर्चच्या भिंतींवर सोने आणि दाराशी उघडे गरीब, हे त्यांना सोसले नाही. आणि मग? सितोच्या साधूंनी ओसाड जमिनींवर मेंढ्या पाळल्या, कष्टाने पाळल्या. ११९३ साली इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता, तेव्हा त्याच्या सुटकेच्या खंडणीसाठी इंग्लंडमधल्या सितोपंथी मठांची वर्षभराची सगळी लोकर मागितली गेली. शंभर वर्षांपूर्वी रिकाम्या हातांनी निघालेल्यांच्या वखारीत राजाच्या खंडणीला हातभार लावण्याइतका माल होता.

यात कोणाला नावे ठेवायची नाहीत. भरणे हा घराचा स्वभाव आहे. शेण-मातीची जमीन जशी एकदा सारवून भागत नाही, तसेच हे.

म्हणूनच मला लोयोलाचे संत इग्नेशियस (१४९१–१५५६) यांची एक साधी युक्ती इथे आठवते. १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात विवेकबुद्धीची तपासणी करण्याची एक पद्धत आहे. सगळे दोष एकदम धरायचे नाहीत, एकच धरायचा. सकाळी उठताच तो आठवायचा, दुपारी आणि रात्री मोजायचा. कागदावर आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघ ओढायची आणि चूक झाली तितके ठिपके तिच्यावर द्यायचे. पुस्तकात या रेघा दिवसागणिक आखूड होत जातात; ठिपके कमी व्हावेत हीच अपेक्षा. कालच्याशी आज ताडून पाहायचे, गेल्या आठवड्याशी हा आठवडा. पुढे युरोप आणि आशियाभर ज्यांनी शाळा उभ्या केल्या त्या येशूसंघाच्या संस्थापकाची ही तयारी: एक कागद, काही रेघा, काही ठिपके.

त्यांचेच सोबती संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून गोव्याला निघाले. राजाच्या अधिकाऱ्यांनी प्रवासाचे सामान देऊ केले, हाताखाली नोकरही देऊ केला. झेवियरनी थोडी पुस्तके आणि आफ्रिकेच्या टोकाजवळच्या थंडीसाठी एक जाड झगा एवढेच घेतले. कपडे धुणे आणि स्वयंपाक आपला आपल्याला येतो म्हणाले. वर्षाहून जास्त काळ चाललेला प्रवास होता तो. आपण चार दिवस वेलंकनीला निघतो तरी सामानाला रिक्षा पुरत नाही.

आता आपल्या घरचे. उपवासकाळात रोज एक वस्तू पिशवीत टाकण्याची पद्धत अलीकडे पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांत आली आहे. माझे सुचवणे एवढेच, की ती चाळीस दिवसांवर थांबवू नये. संध्याकाळी पवित्र माळ म्हणण्याआधी घरातल्या एकाने एकच वस्तू हातात घ्यावी: एक सदरा, एक डबा, एक पुस्तक. ती कोणाची, हा बासिलचा प्रश्न विचारावा. आपली असेल तर जागेवर ठेवावी. दुसऱ्याची असेल तर दारामागच्या पिशवीत टाकावी आणि कॅलेंडरवर त्या दिवशी ठिपका द्यावा. इग्नेशियसचे ठिपके कमी व्हायला हवेत, आपले वाढायला. एकाहून जास्त वस्तू घेऊ नयेत, उत्साह असला तरी. आणि त्या दिवशी बाजारातून नवे काही आले असेल तर निवड सोपी आहे, त्याच जातीचे जुने बाहेर.

फाटके, विटलेले मात्र पिशवीत नको. पुरानंतर आलेली मदतीची गाठोडी ज्यांनी सोडली आहेत त्यांना ठाऊक आहे की त्यांतून काय काय निघते. त्या चिंध्यांची गोधडी शिवा, पायपुसणी करा. गरिबांच्या कोठीत जाते ते अंगावर घालता येईल असे.

चर्चच्या सभागृहामागचे लोखंडी कपाट रिकामे करून घेतले आहे. दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर तासभर ते उघडे राहील. कपडे धुतलेले असावेत, बटणे लावलेली असावीत आणि प्रत्येकावर मापाची चिठ्ठी टाचलेली असावी, म्हणजे घेणाऱ्याला ते आखूड होणार नाहीत.