दूरची गुलामी, दारातली गुलामी

मुळशी म्हटले, की १९२१ चा सत्याग्रह व सेनापती बापट आठवतात. धरणाखाली जाणाऱ्या आपल्या जमिनींसाठी मावळ्यांनी दिलेला तो लढा इतिहासाने नोंदवला आहे. त्याच डोंगरांत राहणाऱ्या, बहुतांशी भूमिहीन अशा कातकरी बांधवांचा इतिहास मात्र फारसा वाचला जात नाही. तो वाचायला आम्हांला शिकवले एका परदेशी कादंबरीने.

हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. सेमिनरीत असताना आम्ही ती वाचली. क्रूर मालक लेग्रीचा संताप आला, टॉमच्या मरणाने डोळे पाणावले, आणि आपले अंतःकरण कोमल असल्याचे समाधानही वाटले. पुढे धर्मग्रामाची जबाबदारी सांभाळताना तीच कादंबरी पुन्हा हाती घेतली, तेव्हा लेग्रीऐवजी सेंट क्लेअर मनात रुतला. हा मालक सुसंस्कृत व दयाळू. गुलामगिरी वाईट हे तो जाणतो, टॉमला मुक्त करण्याचे वचनही देतो. पण कागदपत्रे आज-उद्यावर ढकलतो. त्याला अकस्मात मृत्यू येतो आणि टॉम विकला जातो. त्या सज्जनात आम्ही स्वतःला पाहिले.

मग आपल्या इतिहासाकडेही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. १५८३ साली गोव्यात आलेल्या व आर्चबिशपांचा चिटणीस असलेल्या लिन्स्खोटेन या डच गृहस्थाने तेथे भर रस्त्यात चालणारी माणसांची विक्री लिहून ठेवली आहे. मोझांबिकहून आणलेले स्त्री-पुरुष ख्रिस्ती घरांत राबत, आणि त्यांचे मालक मिस्साला जात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ फेब्रुवारी १९९२ रोजी सेनेगलच्या गोरे बेटावर या पापाबद्दल क्षमायाचना केली. ती आमच्याही वतीने होती.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. दूरच्या मुक्तीकडे पाहताना त्यांना पुण्यातल्या शूद्रातिशूद्रांची बेडी दिसली. वाचनाची खरी रीत हीच.

कात पाडण्यावरून ज्यांना नाव मिळाले त्या कातकऱ्यांच्या हातून जंगल गेले, आणि वाट्याला कोळशाची व विटांची भट्टी आली. पावसाळ्यात चूल थंडावली की उचल घ्यायची, आणि दिवाळीनंतर सगळ्या कुटुंबाने भट्टीवर राबून ती फेडायची. हिशेब मालकाच्या वहीत. फिटला नाही तर पुढचा हंगामही त्याचाच. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, उचल मात्र संपली नाही. अशाच विटांनी आमची घरे, कदाचित आमची मंदिरेही, उभी राहिली असतील.

दृष्टांतातील श्रीमंताने लाझरसला मारले नव्हते. दारातला माणूस त्याला दिसला नाही, एवढेच. तेव्हा प्रिय वाचकहो, अशी कादंबरी वाचताना डोळे भरून आले, तर पान मिटण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारू या: कोणाची मजुरी, कोणाची रजा, कोणाचा न्याय आम्ही उद्यावर ढकलला आहे? अश्रू सुकण्याआधी तेवढे एक काम उरकले, तर ते वाचन प्रार्थनेच्या जवळ पोहोचेल.