तीन निशाणांची नौका

जून महिन्यात आमच्या शाळेत जुनी पाठ्यपुस्तके हातोहात फिरतात. पहिल्या पानावर आधीच्या मुलांची नावे असतात. नवा धनी ती खोडतो आणि आपले नाव गिरवतो. आपल्या आरमारातल्या ‘दिल्ली’ या क्रूझरची हकिगत वाचताना मला ते पान आठवते.

५ जुलै १९४८ रोजी ही नौका इंग्रजांकडून आपल्या ताब्यात आली. मूळ नाव ‘अकिलीस’. जलावतरण १ सप्टेंबर १९३२ रोजी, बर्कनहेडच्या गोदीत. सहा इंची आठ तोफा होत्या, एकेका बुरुजात दोन. काही वर्षांतच ती न्यूझीलंडच्या ताफ्यात गेली आणि निम्म्याहून अधिक खलाशीही तिथलेच झाले.

१३ डिसेंबर १९३९ च्या पहाटे प्लेट नदीच्या मुखापाशी तिची गाठ जर्मनांच्या ‘ग्राफ श्पे’शी पडली. शत्रूच्या तोफा अकरा इंची. ‘अकिलीस’च्या सोबतीला ‘एजॅक्स’ आणि ‘एक्झेटर’ होत्या. ‘एक्झेटर’ जायबंदी होऊन मागे राहिली, तरी उरलेल्या दोघींनी पाठ सोडली नाही. ‘अकिलीस’वर चार माणसे पडली, कप्तान पॅरी जखमी झाले, पण डोलकाठीवरचे न्यूझीलंडचे निशाण खाली आले नाही. मॉन्टेव्हिडिओ बंदरात शिरलेल्या त्या बलाढ्य नौकेला १७ तारखेला तिच्याच कप्तानाने बुडवले, आणि पुढे स्वतःचाही शेवट करून घेतला.

जानेवारी १९४३ मध्ये ग्वाडलकॅनालजवळ जपानी बाँब तिच्या तिसऱ्या बुरुजावर पडला. तेरा जण गेले. दुरुस्तीत तो बुरूज काढून विमानवेधी तोफा बसवल्या. म्हणून आपल्याकडे आली ती सहाच मोठ्या तोफांची नौका.

आणि काय योग पाहा! त्याच १९४८ साली आपल्या आरमाराचे सरसेनापती म्हणून आले, ते हेच पॅरी. स्वराज्य आले तरी आरमाराचा मुख्य इंग्रजच, आणि नौका त्यांनी वापरून सोडलेली! हे कोणाला खटकले असेल, तर मी त्याला दोष देणार नाही. पहिले भारतीय नौसेनाध्यक्ष कटारी यायला १९५८ उजाडावे लागले. पण फाळणीत आरमाराचीही वाटणी झालेली. नवी क्रूझर बांधायची तर पैसा हवा आणि वर्षेही हवीत. शिकणाऱ्याने कोऱ्या पुस्तकासाठी वर्ष वाया घालवावे का? ‘दिल्ली’वर आपली माणसे मोठी नौका चालवायला शिकली. उतारवयात तर ती कॅडेटांची शाळाच झाली.

मधल्या काळात तिने बरेच पाहिले. १९५० साली पंडित नेहरू तिच्यावरून इंडोनेशियाला गेले. प्लेटच्या लढाईवर १९५६ साली चित्रपट आला, त्यात ‘अकिलीस’चे काम तिनेच केले. आणि डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या पोर्तुगीज किल्ल्यासमोर तिच्या तोफा पुन्हा धडाडल्या. या वेळी आपल्यासाठी. परक्या साम्राज्याने घडवलेली तोफ दुसऱ्या परक्या साम्राज्याला हाकलण्याच्या कामी आली, याचे मला मोठे समाधान वाटते.

१९६९ साली ती न्यूझीलंडला जाऊन आली. ३० जून १९७८ रोजी मुंबईत तिचे निशाण अखेरचे उतरले आणि पुढे ती मोडीत गेली. तिचा एक बुरूज मात्र भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडजवळ डेव्हनपोर्टच्या आरमारी तळाच्या दाराशी तो उभा आहे. ‘दिल्ली’ हे नाव १९९७ साली माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या विनाशिकेला मिळाले.

यंदा पुस्तके वाटताना मी मुलांना सांगितले : आपले नाव खाली लिहा, वरचे खोडू नका.