भाटकाराचा पुत्र आणि कुणब्यांची कहाणी

श्रोते हो, जो मनुष्य आपली भूमी सोडून दूर देशी जाऊन राहतो, त्याला तिच्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार कितपत उरतो? गोमंतकाच्या वाङ्मयेतिहासात हा प्रश्न ज्यांच्या नावाभोवती सहजच उभा राहतो, ते कादंबरीकार म्हणजे ओर्लांदो दा कोश्ता.

त्यांचा जन्म 1929 साली मोझांबिकमधील लोरेन्सु मार्किश या शहरी, गोमंतकीय ख्रिस्ती ब्राह्मण कुळात झाला. बालपण गेले ते मडगावी. 1947 साली शिक्षणासाठी ते लिस्बनला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. तो सालाझारच्या हुकूमशाहीचा काळ. तरुण ओर्लांदो विरोधी चळवळीत उतरले. 1950 ते 1953 या काळात गुप्त पोलिसांनी त्यांना अनेकदा अटक केली. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यांच्या काही पुस्तकांवर सरकारी बंदीही आली.

1961 साली त्यांची ‘ओ सिग्नु दा ईरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ‘सिग्नु’ या शब्दाचे अर्थ दोन. खूण आणि राशी. तेव्हा क्रोधाची खूण म्हणा, की क्रोधाची रास म्हणा. लिस्बनच्या विज्ञान अकादमीने तिला रिकार्दु माल्येइरुश पारितोषिक दिले. त्याच वर्षी 19 डिसेंबरला गोमंतक मुक्त झाला. ज्या राजवटीने लेखकाला तुरुंगात टाकले, तिच्याच राजधानीत त्याचा गौरव व्हावा आणि वर्ष संपण्यापूर्वी त्या राजवटीचे गोव्यातील राज्य लयास जावे, असा तो योग होता.

कादंबरीतील जग साष्टीचे आहे. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. 1942 साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला, तिकडून येणारा तांदूळ थांबला आणि गोमंतकात टंचाई झाली. अशा दिवसांत शेत पिकविणाऱ्याच्या घरी चूल थंड, आणि भाटकाराच्या कोठारात मात्र धान्य! भाटकार बाब लिगोर, नातेल ही तरुण कुणबीण आणि तिच्या भोवतीचे ख्रिस्ती कुणबी यांच्या कथेतून लेखकाने ही विषमता रंगविली आहे. क्रोध कोणाचा, दैवाचा की माणसाचा, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही मनात राहतो.

या कादंबरीवर आक्षेप घेता येतात. ती ज्यांच्याविषयी लिहिली, त्या कुणब्यांना पोर्तुगीज वाचता येत नव्हते. शिवाय लेखक स्वतः वाड्यात वाढलेला. झोपडीतील जीवन त्याने पाहिले ते बाहेरून. हे आक्षेप पोकळ नाहीत. परंतु दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. वाड्यातील अन्नावर वाढलेल्या माणसाने ते अन्न कोणाच्या श्रमाचे, हे उघड सांगावे, ही लहान गोष्ट नव्हे. गावात राहून, आप्तस्वकीयांच्या नजरेसमोर, ते लिहिणे त्याला किती कठीण गेले असते! येथे अंतराने आठवण पुसली नाही. उलट तिला धीर दिला.

पेडणे-डिचोलीकडील श्रोत्यांना वाटेल, साष्टीच्या या पोर्तुगीज कथेशी आमचा काय संबंध? साष्टी 1543 साली पोर्तुगीजांच्या हाती गेली; डिचोली 1781 साली आणि पेडणे 1788 साली. त्या नव्या काबिजादींत पोर्तुगीज भाषा फारशी रुजली नाही. देवळाच्या मंडपात, ओसरीवर मुले मराठी गिरवीत राहिली. भाषा निराळी, धर्म निराळा. पण मुंडकाराचे जिणे निराळे होते काय? शापोऱ्याच्या अल्याड काय नि पल्याड काय, परक्याच्या जमिनीवर घर बांधलेल्याला छप्पर शाकारताना धन्याचे तोंड पाहावे लागे. मुक्तीनंतर 1964 साली कूळ कायदा आणि 1975 साली मुंडकार संरक्षण कायदा करावा लागला, तो दोन्ही काबिजादींसाठी. कादंबरीकाराने जे दुःख एका गावात पाहिले, ते साऱ्या गोमंतकाचे होते, याची साक्ष हे कायदेच देतात.

ओर्लांदो पुढेही गोमंतकाकडे वळत राहिले. 1971 साली मुक्तीच्या दिवसांवरील नाटक आले, 2000 साली ‘मनू मिरांदा’ची कादंबरी आली. 2006 साली लिस्बनमध्ये ते निवर्तले. त्यांचे पुत्र आंतोनियु कोश्ता 2015 पासून 2024 पर्यंत पोर्तुगालचे पंतप्रधान होते. 2017 साली गोव्यात आले असता त्यांनी मडगावचे वडिलोपार्जित घर पाहिले, तेव्हा पित्याची आठवण पुष्कळांना झाली.

पण लेखकाची खरी ओळख पुत्राच्या पदावरून व्हावी, हे बरे नव्हे. ती त्याच्या ग्रंथावरून व्हावी. शाळेत मुलांना इतिहास शिकविताना आपण राजांचे तह आणि सन सांगतो. त्या सनांच्या सावलीत जगलेल्या नातेलीची भूक सांगत नाही. ती सांगणारा दूर लिस्बनमध्ये बसला होता, एवढ्याने तिचे खरेपण उणावत नाही.